सुखाने नांदते आहे

हे मी माझ्या सख्ख्या भावाजवळही कधी काढलं नाही. माझी बायको पंचफुला एकोणचाळीस वर्षं माझ्यासोबत राहिली — तिलाही सांगितलं नाही. तिला तर नाहीच. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून तुमच्यापाशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण कुठलं सोपं? चार दिवस झाले, कागद पुढ्यात घेतो आणि परत ठेवून देतो.

थोडं दुरून सांगतो. एकदम त्या वाक्यावर आलो तर तुम्ही म्हणाल — एवढंच? एका वाक्याचं काय एवढं?

मी अकोल्याचा. वडील कापसाच्या जिनिंग कारखान्यात हमाली करायचे. मी मॅट्रिक झालो, टायपिंग शिकलो, आणि अकोल्यातल्याच एका कापूस कंपनीच्या ऑफिसात कारकून म्हणून लागलो. तिथं मी पहिल्यांदा ती कार्डं पाहिली. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक जाड कार्ड, आणि कार्डाच्या काठानं बारीक बारीक भोकं. कोणत्या भोकाचा अर्थ काय, ते ठरलेलं. समजा, तिसरं भोक म्हणजे लांब धाग्याचा कापूस घेणारा. ज्याला ते लागू, त्याच्या कार्डाचं तिसरं भोक कात्रीनं काठापर्यंत कापून टाकायचं. मग सगळा गठ्ठा हातात धरून तिसऱ्या भोकातून सुई घातली आणि वर उचलली, की हवी तेवढी कार्डं आपोआप खाली पडत. बाकीची सुईला लटकून राहत. मी तर बघतच राहिलो होतो. शेकडो माणसांतून नेमकी हवी ती माणसं एका झटक्यात! याच्याहून मोठी जादू मी तोवर पाहिली नव्हती.

नागपूरला दीक्षा घेऊन आमची माणसं परतली, त्यानंतर दोन-तीन वर्षांतली गोष्ट. अमरावतीत आमच्या समाजातल्या काही मंडळींनी खेड्यापाड्यांतल्या मुलींसाठी वसतिगृह काढलं. भाड्याचं घर, वर टिनाचं छप्पर, चाळीस मुली. सेक्रेटरी नानासाहेब, पेशानं वकील. मुलींची देखरेख वत्सलाबाईंकडं. त्यांनी मला कारकून म्हणून बोलावलं. पगार कंपनीच्या निम्मा. तरी मी गेलो. का गेलो, हे तुम्हाला सांगायची गरज नाही — ज्यांच्या घरात पहिलाच मुलगा अक्षर ओळखायला शिकला, त्यांना ते आपोआप कळेल.

देणग्या गोळा करायची तिथली पद्धत म्हणजे पावतीपुस्तक काखेत मारायचं आणि ज्याचं नाव आठवेल त्याच्या दारात जायचं. एकाच मास्तरांकडं महिन्यात तीनदा जाणं व्हायचं, आणि मूर्तिजापूरच्या रेल्वेवाल्यांकडं वर्षभरात कोणी फिरकायचं नाही. मी म्हटलं, असं नाही चालणार. पुठ्ठे आणले, कार्डं कापली, भोकं पाडली. सुई म्हणून वत्सलाबाईंची स्वेटर विणायची सुई मागून घेतली. शिक्षक, व्यापारी, रेल्वेतला, गिरणीतला. कपाशी विकल्यावर देणारा, पगाराच्या दिवशी देणारा. घरात मुली असलेला. मूल नसलेला. बायकोच्या आठवणीत देणारा. प्रत्येकासाठी एक भोक. आमच्या भागात माणसाच्या हातात पैसा कधी खुळखुळतो ते मला ठाऊक होतं, त्यामुळं कास्तकारांना पत्र कपाशीची गाडी बाजारात जाऊन आल्यावर, नोकरदारांना पहिल्या तारखेच्या आत. पत्रं सायक्लोस्टाइलवर काढायचो. स्टेन्सिल टाइप न करता लोखंडी लेखणीनं हातानं कोरायचो, म्हणजे छापील वाटू नये, कोणीतरी आपल्यालाच बसून लिहिलंय असं वाटावं.

उत्तरं यायला लागली. नानासाहेब मला सगळ्यांसमोर ‘आमचे शास्त्रज्ञ’ म्हणू लागले. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

आणि त्या कार्डांपाशी माझ्या मदतीला बसायची पंचफुला.

वसतिगृहातली ती सगळ्यांत मोठी मुलगी. मॅट्रिक झालेली, वत्सलाबाईंच्या हाताखाली राहिलेली, लहान मुलींना शिवण शिकवणारी. अक्षर मोत्यासारखं, म्हणून पाकिटांवर पत्ते घालायचं काम तिच्याकडं. उन्हाळ्यात टिन असं तापायचं की शाई दौतीत आटायची. ती पदरानं मानेवरचा घाम पुसायची आणि पुढचं पाकीट घ्यायची. मी कार्डं चाळायचं सोंग करायचो. किती दुपारी गेल्या अशा! तिच्या हाताची बोटं शाईनं निळी असायची. ती निळी बोटं मला अजून दिसतात — डोळे मिटावे लागत नाहीत.

एका दुपारी तिनं भोकांची यादी उचलली, वाचली, आणि हसत मला विचारलं, “माय सोडून गेली, असं भोक कोन्तं आहे यात?”

मी म्हटलं, “देणगीदारांची कार्डं आहेत ही. त्यात कशाला?”

मग तिनं सांगितलं. सगळ्यांना ती आई वारली म्हणून सांगायची, वत्सलाबाईंनासुद्धा. पण आई जिवंत होती. बाप पटकीनं गेला, घरात दाणा नाही, कोणी दारात उभं करीना. आठ वर्षांच्या पंचफुलाला घेऊन आई मूर्तिजापूरच्या फलाटावर आली. पदराच्या गाठीतली भाकर काढून तिच्या हातात दिली. “इथंच बस. हालू नोको,” म्हणाली. ती हलली नाही. दुसऱ्या दिवशीही हलली नाही. शेवटी स्टेशनवरच्या पाणीवाल्यानं तिला घरी नेलं आणि त्याच्या बायकोनं वाढवलं.

एवढं सांगून ती थांबली. मला वाटलं, संपलं. पण खरं सांगायचं ते पुढंच होतं. हमीदाबी नावाची चुडीवाली होती. अचलपूरकडं जाणाऱ्या त्या छोट्या गाडीच्या, शकुंतलेच्या, रुळाकाठच्या गावांमधून बांगड्या विकत फिरायची, आणि महिन्याला माल भरायला अमरावतीला यायची. वसतिगृहातल्या मुलींना तीच बांगड्या भरायची. मूर्तिजापूरला पाणीवाल्याच्या घरीही तिचं येणंजाणं. पोरीच्या तोंडवळ्यावरून आणि पाणीवाल्याच्या बायकोनं सांगितलेल्या हकिगतीवरून तिनं जुळवलं, की रुळाकाठच्या एका गावात रेल्वेच्या गँगमनच्या घरी पाट लावून आलेली चंद्रभागा म्हणजे हिचीच आई. मूल असल्याचं चंद्रभागेनं त्या घरात सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्या घरानं तिला घेतलंच नसतं. त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही.

आणि मग पुरचुंड्या येऊ लागल्या. बांगड्यांच्या टोपलीत खाली दडवून — कधी भुईमुगाच्या ओल्या शेंगा, कधी ज्वारीच्या लाह्या, एकदा बोरं. “तुह्या मायनं देल्लं,” एवढंच हमीदाबी म्हणायची. पहिल्या पुरचुंडीला पंचफुलानं हात लावला नाही. दुसरी तिनं लहान मुलींत वाटून टाकली. तिसरी घेऊन ती विहिरीमागं जाऊन बसली आणि एकटीनं खाल्ली. टरफलंसुद्धा फेकली नाहीत, असं तिनं मला सांगितलं. सांगताना लाजली.

आता आई येणार होती. हमीदाबीबरोबर निरोप होता — गव्हाची सोंगणी झाली की चुड्या भरायचं निमित्त करून एक दिवस येईन. पंचफुला आईसाठी चोळी शिवत होती. माप कुठलं? आईचे दंड किती, पाठ किती, काही आठवत नव्हतं. तिनं स्वतःच्या अंगाचं माप घेतलं. “माहे हात मायवरच गेले असन,” म्हणाली. मग मला विचारलं, “गेले असन ना?” जसं काही मला ठाऊक होतं.

हे सगळं तिनं मला सांगितलं. मलाच, दुसऱ्या कोणाला नाही. मी तेव्हाच तिच्यावर जीव लावून बसलो होतो, आणि तिनं मला ते सांगावं याचा मला केवढा आनंद झाला होता! त्या आनंदाचं मी पुढं काय केलं, ते आता सांगतो.

त्याच वर्षी वादळानं छप्पर उडालं. निम्म्या मुली वऱ्हांड्यात झोपायला लागल्या. नानासाहेब म्हणाले, नेहमीच्या पत्रानं भागणार नाही, काहीतरी डोकं चालवा. मी डोकं चालवलं. दोन पत्रं लिहिली. एकात छपराची हकीकत — किती टिनं लागतील, किती बल्ल्या. दुसऱ्यात एका मुलीची हकीकत. कार्डांचे दोन गठ्ठे केले, एक लहान, एक मोठा. लहान गठ्ठ्यातल्या, एक सोडून एक, निम्म्यांना छपराचं पत्र, निम्म्यांना मुलीचं. कशाला जास्त उत्तरं येतात ते बघायचं, आणि मग उरलेल्या मोठ्या गठ्ठ्याला तेच पाठवायचं. आजही ही युक्ती कोणाला सांगितली तर तो म्हणेल, हुशार होता गडी.

मुलीचं पत्र मी तीनदा लिहिलं. पहिल्यांदा नुसतं अनाथ मुलगी म्हणून लिहिलं. मिळमिळीत झालं. असल्या अनाथ मुली सगळ्यांच्याच पत्रात असतात. दुसऱ्यांदा फलाट घातला. मग जीव आला. तिसऱ्यांदा — थांबा, ते जसं कोरलं होतं तसंच देतो. मला पाठ आहे.

‘आठ वर्षांच्या या मुलीला तिच्या जन्मदात्रीने मूर्तिजापूरच्या फलाटावर सोडून दिले. ती आई आज छोट्या गाडीच्या रुळाकाठी एका गँगमनच्या घरी सुखाने नांदते आहे. मुलीची तिला आठवणही नाही. आता हिचे आईबाप तुम्हीच.’

नाव घातलं नव्हतं. नाव न घालणं म्हणजे सभ्यपणा, अशी माझी समजूत. पण शेंगा कोण पाठवतं ते मला माहीत होतं ना? चोळी कोणासाठी शिवली जातेय ते मी रोज बघत होतो ना? ‘सुखाने नांदते आहे’ हे माझ्या मनचं. ‘आठवणही नाही’ हेही माझ्याच मनचं. आठवण ठेवणाऱ्या आईनं वाचणाऱ्याच्या पोटात तुटलं नसतं — म्हणून मी तिला विसरायला लावलं.

आणि हे मी अजाणतेपणी केलं असं समजू नका. त्या दिवसांत पंचफुला महिनाभराच्या शिवणवर्गाला यवतमाळला गेली होती. पत्र काढायला मी तोच महिना निवडला. पाकिटांवर पत्ते मीच घातले. उरलेल्या प्रती जाळल्या. नानासाहेबांना आणि वत्सलाबाईंना सांगितलं, मुलींसमोर या पत्राचा विषय नको, त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, किती विचार करता हो तुम्ही मुलींचा!

मुलीच्या पत्राला इतकी उत्तरं आली की पोस्टमन थैली टेबलावर उपडी करायचा. छपराच्या पत्राला मोजकीच आली. मी कार्डांवर लाल खुणा करत होतो आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. मग उरलेल्या मोठ्या गठ्ठ्याला तेच पत्र गेलं. त्या गठ्ठ्यात एका गावच्या गुरुजींचं कार्ड होतं. शिक्षक, घरात मुली, पत्राला उत्तर देणारे. सगळी भोकं बरोबर कापलेली. गाव त्यांचं रुळाकाठचं. मी पाकिटावर ते नाव माझ्या हातानं लिहिलं. हात थांबला होता का? खरं सांगतो, आठवत नाही. थांबला असेल तर पुन्हा चालू झाला, एवढं नक्की.

छप्पर झालं. पक्कं, दुसऱ्या वादळालाही न हललेलं. आणखी वीस मुली आल्या. त्यातल्या काही पुढं मास्तरणी झाल्या, एक नर्स झाली. ही मी सबब देत नाहीये. झालं ते सांगतोय.

पंचफुला यवतमाळहून परत आली, कामाला लागली. पुढं महिन्याभरानं, भर दुपारी, हमीदाबी ऑफिसात आली. एरवी ती मागच्या दारानं सरळ मुलींकडं जायची. त्या दिवशी पुढच्या दारानं आली, टोपली उंबऱ्यापाशी ठेवली आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली. भिंतीपलीकडं शिवणयंत्र चालू होतं. पंचफुला होती तिथं.

“बाबू, तुमी शिकेल मानूस हा, म्हनून तुमाले इचारतो,” ती म्हणाली. मग सांगत गेली. गुरुजींनी पत्र पारावर वाचून दाखवलं होतं. भल्या मनानं. आपल्याच भागातली पोर आहे, चार-चार आणे काढा म्हणून. तिथल्या रुळाकाठच्या तीन गावांत मिळून गँगमन एकच. आणि त्याच्या घरी पाटाची बायको एकच. लोकांनी तिथंच हिशेब लावला. “नवऱ्यानं भांडेकुंडे बाहेर फेकले, बाबू. पोट्टी फेकून आली म्हने, हे माह्या घरात नोको. बाया पानी भरू देईना तिले. गेली थे. रडली नाई, काई नाई. मले एवढंच म्हने — इचारून ये, हे पोरीनंच सांगतलं का? का मी सुखात हावो, अन् मले तिची याद येत नाई?”

भिंतीपलीकडं यंत्र चालूच होतं.

एक शब्द पुरे होता. नाही. ‘नाही, ते मी लिहिलं.’ हमीदाबी टोपली उचलून तशीच मागं फिरली असती आणि त्या बाईला गाठून म्हणाली असती, पोरीनं नाही सांगितलं, कोण्या कारकुनानं लिहिलं. पण मग ते भिंतीपलीकडंही कळलं असतं. पंचफुला माझ्याकडं कशी बघेल, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं. दुसरं काहीही आलं नाही. ना ती बाई, ना तिची फेकलेली भांडी.

मी म्हणालो, “मुलीनं सांगितल्याशिवाय संस्था कसं लिहील?”

आवाजसुद्धा कापला नाही माझा. हमीदाबी टोपलीकडं वळली. “हाव,” म्हणाली, “थेही खरंच हाये.” आणि टोपली डोक्यावर घेऊन पुढच्याच दारानं गेली.

थोड्या वेळानं पंचफुला आली. दोरा तोंडात धरलेला. “चुडीवालीचा आवाज आला काय?”

मी म्हणालो, “नाही.”

गहू सोंगून झाले. खळी उठली. त्या दिवसांत पंचफुला कामातून उठून सारखी मागच्या दारापाशी जायची. मी काही विचारायचो नाही. उन्हाळा गेला. श्रावणात इतवाऱ्याच्या बाजारात तिला हमीदाबी भेटली. परत आली ती तोंड उतरवून. म्हणाली, “माय गाव सोडून गेली म्हने. कुठं, ते तिले माहीत नाही. अन् चुडीवाली मह्याशी नीट बोललीच नाही. माहं काही चुकलं काय? काहून अशी पाहून राह्यली होती मह्याकडं?”

मी काय केलं? तिला धीर दिला. हेच तर सगळ्यांत वाईट. मी तिच्याजवळ बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझा हात धरला. ज्या दुःखानं ती माझ्याजवळ आली ते दुःख मीच केलेलं होतं. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. पांढऱ्या कपड्यांत, वसतिगृहाच्याच अंगणात, त्या नव्या छपरासमोर. नानासाहेबांनी भाषण केलं. आईसाठी शिवलेली चोळी तिनं ट्रंकेत तळाशी ठेवून आणली होती. मुलगी झाली तेव्हा ती उसवून तिनं झबली शिवली.

वाटलं होतं, आता संपलं. माणूस किती भाबडा असतो!

लग्नानंतर दीड-दोन वर्षांनी एक मनीऑर्डर आली. अकोल्याहून, दोन रुपयांची. कुपनावर कोण्या लिहिणाऱ्याच्या हातचं अक्षर — ‘पोरींच्या डोक्याच्या तेलासाठी.’ पाठवणार चंद्रभागा गवई. गवई. पंचफुलाच्या वडिलांचं आडनाव. दुसरं घर सुटल्यावर बाईनं पहिल्या नवऱ्याचं नाव परत घेतलं होतं. खाली पत्ता. अकोल्यातली मजुरांची वस्ती, मोर्णा नदीच्या काठची. माझ्या वडिलांच्या घरापासून चालत गेलं तर पंधरा मिनिटं.

पोरीनं आपल्याला जगासमोर उघडं पाडलं अशी जिची खात्री मी करून दिली होती, ती त्याच पोरीच्या वसतिगृहाला तेलासाठी दोन रुपये पाठवत होती.

आणि मी काय केलं असेल? मी तिचं कार्ड केलं. नवीन कार्ड, नाव, पत्ता. अकोला. मजुरी. बाई. लहान देणगी. भोकं कापली आणि कार्ड गठ्ठ्यात लावलं. रीतीप्रमाणे आभाराचं छापील पत्र पाठवलं, खाली माझी सही. तोवर पंचफुलाला मी ऑफिसातून सोडवलं होतं. घरी लहान मूल आहे, म्हणायचो. खरं म्हणजे ते कार्ड तिच्या हाती पडू नये.

चार वर्षं ती मनीऑर्डर आली. दर वर्षी, हंगाम संपला की. चार वर्षं मला ठाऊक होतं, की माझ्या बायकोची आई कुठं राहते. अमरावती ते अकोला — बडनेऱ्याला गाडी बदलली की किती लांब? सकाळी निघालेला माणूस जेवायला पोचतो. आणि घरात पंचफुला मुलीला न्हाऊ घालताना मधेच थांबून म्हणायची, “मायले नात पाहून काय वाटलं असतं?”

एकदा गेलो मी. वडिलांना बघायला म्हणून अकोल्याला गेलो होतो, तिथून सकाळीच निघालो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो — निदान वाटेत तरी तसंच वाटत होतं. झोपडीसमोर एक वाळलेली बाई बसली होती. केसांत, भुवयांत कालच्या कापसाची कुसं. जिनिंगच्या कामाला जायची वेळ झाली असावी. मी नुसताच उभा राहिलो, म्हणून तिला वाटलं, वाटसरू आहे, तहानलाय. तिनं न विचारता पाणी दिलं. तांब्या देताना मान जराशी डावीकडं कलती झाली. पंचफुलाची व्हायची ना, तशीच. तिचे हात मी पाहिले. दंड, मनगट, बोटं. चोळी अगदी बरोबर बसली असती.

“कोन्या गावचे बाप्पा?” तिनं विचारलं.

“अमरावतीचा.”

तिनं पदरानं भुवईवरची कुसं पुसली. मग म्हणाली, “तिथं पोरीचं वसतिगृह हाये ना?”

“आहे.”

“तिथल्या पोरी मोठ्या झाल्या म्हंजे कुठं जातेत?”

“कोणाला नोकरी लागते,” मी म्हणालो. “कोणाचं लग्न होते.”

“बरं होते?”

“हो. बरं होते.”

“बरं होते,” ती स्वतःशीच म्हणाली आणि तांब्या परत घेतला. मला म्हणाली, “उन्हाच्या आत जा बाप्पा.”

मी गेलो. तिची नात चालायला लागलीय, हेसुद्धा सांगितलं नाही. तोंडात आलेलं होतं. पण एक धागा ओढला की सगळं उसवतं, हे मला कळत होतं. घरी आल्यावर पंचफुलानं विचारलं, “मामंजी बरे हायेत ना?” मी म्हटलं, बरे आहेत.

पाचव्या वर्षी मनीऑर्डर आली नाही. मी एक आभाराचं पत्र उगाचच पाठवून पाहिलं. ते परत आलं. पाकिटावर पोस्टमननं लिहिलं होतं — मयत. कुठल्या महिन्यात, कशानं, जवळ कोण होतं, काही कळलं नाही. मी चौकशीही केली नाही. ऑफिसात मयत देणगीदारांची कार्डं वेगळी ठेवायची पद्धत मीच घातलेली होती. त्याप्रमाणे ठेवलं.

आता एकच राहिलं.

त्याच वर्षीच्या थंडीतली सकाळ. पंचफुला ओसरीवर उन्हात बसून सुपात ज्वारी निवडत होती. मी समोर बसून दाढी करत होतो. ती मान वर न करता म्हणाली, “मले एक समजत नाही. मायनं मले दोनदा सोडलं. पह्यल्यांदा सोडलं तेव्हा भूक होती, ते मले समजते. माहा राग नाही. पन दुसऱ्यांदा काहून? दुसऱ्यांदा तं भूक नव्हती. मी तं सारं पोटात घातलं होतं. मंग काहून?”

उत्तर माझ्याकडं होतं. जगात फक्त माझ्याकडं होतं. ते पाकीट परत येऊन सहा महिने झाले होते, तरी ते उत्तर तेव्हाही उपयोगाचं होतं. दुसऱ्यांदा तुला कोणी सोडलं नव्हतं पंचफुला — एवढंच तर सांगायचं होतं.

मी म्हणालो, “माणसाच्या मनातलं काय सांगावं.”

तिनं जराशी मान हलवली. सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. मग पुन्हा कधी विचारलं नाही. तिला ते उत्तर पटलं असावं. तिचा माझ्यावर विश्वास होता.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. शेवटचे आठ दिवस शुद्धीवर होती, बोलत होती, आणि मी उशाशी होतो. आम्ही पुष्कळ बोललो. हे सांगितलं नाही.